फुटक्या मडक्यांचं गाव

बोगोटात उतरलेला माणूस दुसऱ्या दिवशी सोन्याच्या संग्रहालयात जातोच. मीही गेलो. तिथल्या अंधाऱ्या दालनात काचेमागे वीतभर लांबीचा सोन्याचा तराफा ठेवलाय. मधोमध राजा आणि त्याच्या भोवती चिमुकली माणसं. १९६९ साली पास्का गावाजवळच्या गुहेत तो शेतकऱ्यांना सापडला. इथल्या मूळच्या मुइस्का लोकांचा नवा राजा अंगाला सोन्याची भुकटी फासून ग्वातावीता सरोवरात उतरायचा आणि सोनं पाण्याला वाहायचा, अशी कथा होती. 'एल दोरादो' या नावाने युरोपला पिढ्यान्‌पिढ्या वेड लावलं ते याच कथेनं. तराफ्यापुढची गर्दी जरा पांगल्यावर मी तिथल्या मार्गदर्शक बाईंना विचारलं, की या सोन्याची खाण कुठे होती? त्या हसल्या. म्हणाल्या, "मुइस्कांकडे सोनं फारसं नव्हतंच. मीठ देऊन आणायचे."

मी कोलंबियात गेलो होतो दुसऱ्याच कामाला. पण हे ऐकल्यावर उरलेले दोन दिवस मिठाच्या मागे जाणार, हे तिथेच ठरलं. मी ठाण्याचा. मीठ म्हणजे खाडी, आगर, मे महिन्यातलं ऊन आणि पांढरे ढीग, एवढंच डोक्यात. डोंगरावरच्या थंडीत, समुद्रापासून शेकडो मैलांवर कुणी मिठाच्या जोरावर राज्य चालवावं, हे काही केल्या पचत नव्हतं.

बोगोटाच्या उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर सिपाकिरा हे मिठाचं गाव आहे. शहर मागे पडलं, की दोन्ही बाजूंना हिरवंगार सपाट पठार लागतं. कडेला डोंगरांची भिंत आणि मध्ये टेबलासारखी सपाट जमीन. हे पठार म्हणजे एका प्राचीन सरोवराचा तळ, असं भूगर्भशास्त्र सांगतं. मुइस्कांची पुराणकथाही तेच सांगते, फक्त तिच्यात बोचिका नावाचा दाढीवाला म्हातारा येतो, काठीने कडा फोडतो आणि तुंबलेलं पाणी तेकेन्दामाच्या धबधब्यातून खाली सोडून देतो. आपल्याकडे परशुरामाने समुद्र मागे हटवला, इथे बोचिकाने सरोवर रिकामं केलं. वाटेत चिआ नावाचं गाव लागतं. मुइस्कांच्या भाषेत चिआ म्हणजे चंद्र. आज त्या चंद्रावर मॉल आहेत. पुढे मैलच्या मैल प्लास्टिकची हरितगृहं. आत गुलाब आणि कार्नेशन. फुलांच्या निर्यातीत नेदरलँड्सच्या खालोखाल कोलंबियाच, आणि फेब्रुवारीत अमेरिकेत प्रेमी जिवांच्या हाती पडणारे गुलाब बरेचसे याच पठारावरून विमानात चढतात. ज्या मातीत मुइस्का मका आणि बटाटा लावत, तिथे आता खाण्याचं पीक कमी, बघण्याचं जास्त.

सिपाकिराची उंची सुमारे २,६५० मीटर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर ठेवले की हे गाव येतं. बसमधून उतरून चढाच्या रस्त्याने चौकाकडे निघालो आणि दोनशे पावलांत धाप लागली. शेजारून एक आजोबा खांद्यावर रुआना टाकून शांतपणे सायकल रेटत वर गेले. रुआना म्हणजे मध्ये भोक पाडलेली लोकरीची घोंगडीच. सायकलचं नवल इथे कुणालाच नाही. २०१९ साली 'टूर द फ्रान्स' जिंकणारा पहिला लॅटिन अमेरिकन, एगान बेर्नाल, याच गावात वाढला. हे चढ रोज चढलेल्या पोराला आल्प्स काय घाबरवणार!

इतक्या उंचीवर मीठ आलं कुठून? क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनासोर अजून जमिनीवर फिरत होते तेव्हा, इथे समुद्राचा फाटा होता. तो कोंडला, आटला, आणि मिठाचे थर गाळाखाली गाडले गेले. पुढे अँडीज पर्वत उचलला जाऊ लागला. मीठ तसं हलकं आणि दाबाखाली नरम. भिजवलेली कणीक मुठीत आवळली की बोटांच्या फटींतून वर येते, तसं ते खडकांतून वर दाबलं गेलं आणि डोंगराच्या पोटात येऊन बसलं. पावसाचं पाणी त्यातून झिरपून खाली खारे झरे फुटले. माणसांना आधी सापडले ते हे झरे. खाण फार नंतरची.

चौकात एका आजीबाईंकडून अल्मोहाबाना घेतली. मक्याचं पीठ आणि ताजं चीज घालून भाजलेला हा गोल पाव असतो. सुटे पैसे परत देताना त्या म्हणाल्या, "सुमेर्से, थंडी आहे, गरम पण काहीतरी घ्या." हे 'सुमेर्से' पठारावर जागोजागी कानावर पडतं. मूळ अर्थ 'आपली कृपा', म्हणजे वसाहतीच्या काळात नोकराने मालकाला म्हणायचा शब्द. झिजत झिजत तो इतका मायेचा झाला, की आता आजी नातवालाही तसंच म्हणते. गरम म्हणून मिळालं ते पानेलाचं पाणी. पानेला म्हणजे चक्क गूळ, आपल्यासारखाच ढेपेचा. उकळत्या गुळवणीत चीजचा तुकडा टाकून पितात. पहिल्या घोटाला विचित्र लागलं, तिसऱ्याला आवडलं. या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळतं. त्यामुळे तुरीची डाळ इथे कुकरशिवाय जन्मात शिजायची नाही.

बहुतेक प्रवासी थेट मिठाच्या खाणीकडे जातात. मी आधी गावातल्या पुरातत्त्व संग्रहालयात गेलो, आणि बरं झालं. काचेच्या कपाटांत सुबक मूर्ती होत्या, पण मला धरून ठेवलं ते खापऱ्यांनी. जाड, लालसर, आतून करड्या पडलेल्या. एकही मडकं धड नाही. १९७०च्या दशकात मारियान कार्दाल दे श्रिम्फ या पुरातत्त्वज्ञ बाईंनी इथल्या खाऱ्या झऱ्यांजवळ उत्खनन केलं, तेव्हा अशा खापऱ्यांचे थरच्या थर निघाले. इसवी सनाच्या आगेमागेच इथे मीठ काढायला सुरुवात झाली होती, म्हणजे मुइस्का संस्कृती बहरण्याच्या कित्येक शतकं आधी.

कृती साधी होती, पण तिला लाकूड अमाप लागायचं. मोठमोठी मडकी चुलाणावर ओळीने मांडायची. त्यांना 'गाचा' म्हणत. त्यांत मिठवणी ओतायची आणि खाली जाळ घालायचा. पाणी आटलं की वरून आणखी मिठवणी. मडकं तोंडापर्यंत घट्ट मिठानं भरेपर्यंत हेच चालायचं. आपल्या गुऱ्हाळात काहिलीभोवती जशी जागरणं होतात, तशीच इथेही होत असणार. फरक शेवटी. काहिलीतून गूळ ओतता येतो. गाचातलं मीठ दगडासारखं बसलेलं असायचं, ते निघायचं नाही. मग मडकंच फोडायचं. आत मडक्याच्या आकाराची मिठाची ढेप, आणि बाहेर खापऱ्या. पुढच्या खेपेला नवं मडकं.

म्हणजे मीठ काढणाऱ्या गावाला कुंभारकामाचंही गाव असावं लागे, नाहीतर शेजारी तरी कुंभारांचं गाव हवं. मडकी घडवणं आणि मिठवणी आटवणं ही दोन्ही कामं मुख्यतः बायकांची होती. भिंतीवरच्या चित्रात एक बाई चुलाणापुढे ओणवी दाखवली होती. मी बराच वेळ त्या चित्रापुढे होतो. मडकं वळायचं, वाळवायचं, भाजायचं, आणि सगळं कशासाठी, तर एकदाच वापरून फोडण्यासाठी. दुसरी कुठलीही वस्तू इतक्या कष्टानं घडवून इतक्या बिनघोर मनानं फोडली जात असेल असं वाटत नाही.

या ढेपा पठारावरून चहूकडे जात. खालच्या उष्ण खोऱ्यांतून बदल्यात कापूस, कोका, रंगीत पिसं आणि सोनं येई. ठरावीक दिवसांनी बाजार भरत. मुइस्का कसलेले विणकर होते आणि त्यांच्याकडे पाचूही होते, पण शेजारी त्यांना ओळखत ते मिठावरून. आणि याच ढेपांनी त्यांचा घात केला.

एप्रिल १५३६मध्ये गोन्सालो हिमेनेस दे केसादा हा पेशाने वकील असलेला स्पॅनिश माणूस सांता मार्ता बंदरातून सुमारे आठशे शिपाई घेऊन माग्दालेना नदीच्या कडेनं निघाला. जंगल, ताप, मगरी आणि उपासमार यांनी बहुतेकांना वाटेतच गिळलं. किनाऱ्यावरचे लोक खात ते समुद्राचं दाणेदार मीठ, आणि जसजसं आत जावं तसतसं ते दुर्मीळ होत गेलेलं. मग ला तोरा नावाच्या वस्तीत स्पॅनिशांच्या हाती अचानक वेगळंच मीठ लागलं. ढेपेचं, कठीण, पांढरं. सोबत सुबक विणलेली सुती वस्त्रं. दोन्ही डोंगरावरून येत होती. असं मीठ आणि असं कापड बनवणारा कुणीतरी मोठा समाज वर असणार, हे ओळखून केसादा नदी सोडून त्या वाटेला लागला. १५३७च्या मार्चमध्ये तो सिपाकिराच्या आणि शेजारच्या नेमोकोनच्या मिठापर्यंत पोचला तेव्हा त्याच्याजवळ दोनशेही माणसं उरली नव्हती. तेवढ्यांनी राज्य घेतलं. पुढच्याच वर्षी बोगोटाची स्थापना झाली. शाळेच्या पुस्तकांत ही मोहीम सोन्याच्या शोधाची म्हणून येते. सोन्याचा शोध होताच. पण वाट दाखवली मिठाने.

गावाचा मुख्य चौक मोठा देखणा आहे. फरसबंद, तीन बाजूंना लाकडी सज्जांची घरं आणि एका बाजूला दगडी कॅथेड्रल. हे बांधायला १७६० साली सुरुवात झाली आणि काम शंभरहून अधिक वर्षं चाललं. स्पॅनिश नोंदींत गावाची 'स्थापना' १८ जुलै १६०० रोजी लुईस एन्रीकेस या अधिकाऱ्याने केली. दीड हजार वर्षं मीठ काढणाऱ्या गावाची स्थापना! झालं होतं इतकंच, की विखुरलेल्या मुइस्का वस्त्या उठवून एका चर्चभोवती बसवल्या, म्हणजे कर गोळा करणं सोपं पडतं. १७७०मध्ये स्पेनच्या राजाच्या हुकुमाने इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या रहिवाशांच्या, भाषांवर बंदी आली आणि मुइस्कांची बोली त्या शतकातच जवळजवळ विझली. त्याच दशकात इथल्या मुइस्कांना नेमोकोनला हलवलं गेलं आणि मिठाचे झरे सरकारजमा झाले.

मग १७८१ उजाडलं. नवे कर, तंबाखूची मक्तेदारी, दारूची मक्तेदारी. सोकोरो गावात मान्वेला बेल्त्रान नावाच्या बाईने करांचा जाहीरनामा भिंतीवरून फाडला आणि वणवा पेटला. 'कोमुनेरो' म्हणवणारे वीसेक हजार लोक बोगोटावर चालून निघाले आणि सिपाकिराजवळ तळ ठोकून बसले. त्यांच्यात मुइस्का सरदारांचा वंशज आम्ब्रोसिओ पिस्कोही आपली माणसं घेऊन सामील झाला होता. घाबरलेल्या सरकारने आर्चबिशप काबायेरो इ गोंगोरा यांना वाटाघाटीला पाठवलं. पस्तीस कलमी मागण्या लिहिल्या गेल्या. इंडियनांच्या जमिनी परत द्या, त्यांचं मीठ त्यांना परत द्या, हेही त्यांत होतं. ८ जूनला अधिकाऱ्यांनी बायबलवर हात ठेवून सगळं कबूल केलं. लोक खूश होऊन घरी गेले. लोक पांगल्यावर कार्ताहेनाहून व्हाइसरॉयचं पत्र आलं, की बळजबरीनं घेतलेला शब्द पाळायचं कारण नाही. ज्याने शस्त्र खाली ठेवलं नाही त्या कोमुनेरो म्होरक्या होसे आंतोनिओ गालानला पुढच्या वर्षी मृत्युदंड दिला गेला आणि त्याच्या शरीराचे तुकडे गावोगावी टांगले गेले. मिठावरच्या सरकारी हक्काचं नाव निघालं की आम्हाला दांडी आठवते, शिरोडा आठवतं. त्याच्याही दीडशे वर्षं आधी इथे, या फरसबंदीच्या आसपास, तेच भांडण झालं होतं. आता तिथे मुलं कबुतरांना मका टाकतात.

चौकापासून थोड्या अंतरावर जुनं राष्ट्रीय विद्यालय आहे. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या उकाड्यात वाढलेला सोळा वर्षांचा गाब्रिएल गार्सिया मार्केझ १९४३ साली शिष्यवृत्तीवर इथे आला आणि १९४६पर्यंत राहिला. थंडीनं आणि उदासवाण्या पावसानं तो पार कोमेजला. या वसतिगृहात रात्री दिवे मालवण्यापूर्वी शिक्षक कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवत. करायला दुसरं काहीच नसल्यामुळे पोरगा वाचत सुटला. 'हाविएर गार्सेस' या टोपणनावाने त्याची कविताही इथे असतानाच छापून आली. अंगण ओलांडताना दुपारी दोन वाजता माझे दात वाजत होते, तेव्हा त्याचं दुःख मला पुरतं पटलं.

खाण गावाला लागूनच, टेकडीच्या पोटात आहे. तोंडाशी गंधकाचा हलका वास येतो. आत शिरलो आणि पहिला धक्का बसला. मीठ काळं होतं! भिंती करड्या-काळ्या, मध्ये पांढऱ्या शिरा. काळ्या मातीचा आणि पायराइटचा अंश मिसळल्यामुळे हा रंग येतो. बॅटरीच्या झोतात भिंत चमचमते. पाणी झिरपतं तिथे पांढरं मीठ फुलकोबीसारखं उमललेलं. कुणी बघत नाही असं पाहून मी भिंतीला जीभ लावली. खारट, आणि मागून किंचित मातकट. बरोबरच्या मार्गदर्शकाने न वळताच सांगितलं, "सगळे चाटतात." त्याचे वडील आणि आजोबा दोघेही इथले खाणकामगार.

पूर्वी मीठ वरून, उघड्यावरच खणत. १८०१ साली जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट इथे आला. या खणण्यातली नासाडी पाहून त्याने बोगदे घेण्याचा सल्ला दिला, आणि एकोणिसाव्या शतकात टेकडी आतून पोखरली जाऊ लागली. मिठाचे जाड खांब छताच्या आधाराला तसेच ठेवायचे आणि मधलं मीठ काढायचं, अशी पद्धत. कामाला लागण्यापूर्वी हात जोडायला म्हणून १९३०च्या दशकात कामगारांनी आत एक छोटंसं देवस्थान कोरलं होतं. त्यातून लुईस आंखेल आरांगो या बँकरला मोठ्या चर्चची कल्पना सुचली आणि १९५४ साली पहिलं मिठाचं कॅथेड्रल उघडलं. काही दशकांत ते असुरक्षित ठरलं. मग त्याच्याही खाली साठेक मीटरवर दुसरं कोरलं गेलं. रोसवेल गारावितो पेर्ल या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून बनलेलं हे नवं कॅथेड्रल १९९५च्या डिसेंबरमध्ये खुलं झालं. त्यासाठी अडीच लाख टन मीठ बाहेर काढावं लागलं.

बँकर इथे कुठून आला, हा प्रश्न मलाही पडला. सरकारने मिठाच्या खाणी कित्येक वर्षं देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे चालवायला दिल्या होत्या. बोगोटातलं सोन्याचं संग्रहालयही त्याच बँकेचं. म्हणजे मुइस्कांचं सोनं आणि मुइस्कांचं मीठ, दोन्ही शेवटी एकाच तिजोरीत येऊन पडलं.

उताराच्या बोगद्यात ख्रिस्ताच्या वधस्तंभयात्रेचे चौदा टप्पे आहेत. एकाही टप्प्यावर माणसाची आकृती नाही. फक्त क्रूस, आणि गुडघे टेकायला मिठाच्याच पायऱ्या. कुठे क्रूस भिंतीत खोल गेलेला, कुठे जमिनीत रुतलेला. पुढे एका सज्जावरून खालचं मुख्य दालन दिसतं. समोर सोळा मीटर उंचीचा पांढरा क्रूस अधांतरी तरंगत असतो. जवळ गेल्यावर कळतं, की क्रूस तिथे नाहीच. तो भिंतीत कोरलेला पोकळ आकार आहे. मागून उजेड सोडल्यामुळे पोकळी भरीव वाटते. हे पाहून मी खरोखर गप्प झालो. बाकीच्या जांभळ्या-निळ्या दिव्यांनी मात्र मन विटलं. पाचूंची दुकानं, कॉफीचा ठेला आणि भुयारातलं चित्रपटगृह हेही त्याच पोटात आहे. गंमत म्हणजे हे कॅथेड्रलही नाही. बिशपची गादी वर चौकातल्या दगडी चर्चमध्ये आहे. इथे फक्त रविवारची प्रार्थना होते.

परतीच्या वाटेवर मी मार्गदर्शकाला विचारलं, की अजून मीठ निघतं का? त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. आता कुणी कुदळ मारत नाही. मिठाच्या थरात पाणी सोडायचं, विरघळू द्यायचं आणि मिठवणी नळांतून खाली कारखान्यात न्यायची. "म्हणजे परत मुइस्कांच्याच पद्धतीवर आलो," तो म्हणाला, "फक्त मडकं मोठं झालं."

दुसऱ्या दिवशी नेमोकोनला गेलो. पंधरा किलोमीटरवरचं हे झोपाळू गाव मला सिपाकिराहून जास्त आवडलं. खाण छोटी, माणसं कमी. आत मिठवणीची उथळ तळी आहेत, इतकी निश्चल, की वरचं छत खाली जसंच्या तसं दिसतं आणि पाय टाकला तर दरीत पडू असं वाटतं. खोली विचारली तर वीतभर निघाली. चिलीच्या अडकलेल्या खाणकामगारांवरच्या 'द ३३' या चित्रपटाचं चित्रीकरण इथे झालं होतं. बाहेर आल्यावर टेकडीच्या पायवाटेवर मातीतून एक जाड लालसर तुकडा डोकावत होता. उचलला. एका बाजूला काजळी, दुसऱ्या बाजूला करडा लेप. शेळ्या घेऊन चाललेल्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "सुमेर्से, ते होतं तिथेच ठेवा." ठेवलं.

मिठाचा खडा मात्र रीतसर विकत घेऊन आणला. नारळाएवढा, काळसर, पांढऱ्या शिरांचा. ठाण्याच्या घरी तो दाखवायच्या कपाटात ठेवला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला पाणी सुटलं आणि कपाटाची फळी ओली झाली. बायकोने तो उचलून कुंडीखालच्या मातीच्या परळात ठेवला आणि परळ गच्चीच्या दारात. गणपतीपर्यंत खडा निम्मा झाला होता. ऑक्टोबरच्या उन्हात परळातली मिठवणी आटली आणि तळाशी चार बोटं जाडीचा थर बसला. उलथन्याने खरवडून पाहिला, गरम पाण्याने धुऊन पाहिला, हलेना. बायको म्हणाली, "सोडा आता. फोडावा लागेल तो परळ."

मी हातोडी आणायला उठलो.